वाढीव वेळ मंजूर आहे, पण मुलगा तो मागत नाही

प्रश्न – ठाण्याची आई

माझा मुलगा मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत नववीत शिकतो. पाचवीत असताना महापालिकेच्या रुग्णालयात त्याची तपासणी झाली आणि त्याला डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) व डिसग्राफिया (लेखनातली अडचण) असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. तेव्हापासून शाळेला कागदपत्रे देणे, दर वर्षी नव्या वर्गशिक्षिकेला भेटणे, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आठवण करून देणे ही सगळी कामे मीच करत आले. आठवीपर्यंत ते निभावले.

यंदा पहिल्या घटक चाचणीत विज्ञानाचा वीस गुणांचा, एक तासाचा पेपर होता आणि त्याला त्यावर वीस मिनिटे मिळायला हवी होती. त्या दिवशी वर्गशिक्षिका रजेवर होत्या व पर्यवेक्षण दुसऱ्या शिक्षकांकडे होते. घंटा झाली, सर पेपर गोळा करू लागले आणि माझ्या मुलाने इतरांबरोबर आपलाही पेपर देऊन टाकला. तपासलेली उत्तरपत्रिका घरी आली तेव्हा मी पाहिले, की विद्युत परिपथाची आकृती रेघ न् रेघ बरोबर होती, बाण योग्य दिशेने होते, फक्त एकाही घटकाचे नाव लिहिलेले नव्हते. आकृती काढायला त्याला दोन मिनिटे पुरतात. नावे लिहायला आठ लागतात. पुढचे पान कोरे होते.

सरांना का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, “सगळे माझ्याकडे बघत बसले असते.” मी उद्या शाळेत जाते म्हटल्यावर मात्र तो चिडला. “तू येऊ नकोस. मी काय लहान आहे का आता?” मला हे दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटले. त्याला मी मध्ये यायला नको आहे, आणि स्वतः बोलायला त्याची जीभ रेटत नाही.

माझ्या सासऱ्यांचे मत असे, की शिक्षकांपुढे स्वतःहून तोंड उघडणारा मुलगा आगाऊ ठरतो आणि पुढे त्याचे नुकसानच होते. त्यांना मी खोडून काढू शकले नाही. उलट बोलणे, तोंड वर करून बोलणे, चुरूचुरू बोलणे असे शब्दप्रयोग आपल्या भाषेत ढीगभर आहेत. पण आपली गरज शांतपणे, नेमक्या शब्दांत मांडणाऱ्या मुलासाठी मला पटकन एकही शब्द आठवला नाही.

पुढच्या वर्षी बोर्डाची परीक्षा परक्या शाळेत, अनोळखी पर्यवेक्षकांसमोर होईल आणि तिथे मी फाटकाबाहेर असेन. स्वतःसाठी बोलणे मुलाला शिकवता येते का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करावी? ज्यांनी हे घरात किंवा वर्गात प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद – विज्ञानशिक्षक, सातारा जिल्हा

ताई, मी एकवीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवत आहे आणि ज्या सरांनी आपल्या मुलाचा पेपर गोळा केला त्यांच्या जागी मी कितीतरी वेळा उभा राहिलो आहे. म्हणून त्या जागेवरून काय दिसते ते आधी सांगतो. ऐनवेळी दुसऱ्याच्या वर्गावर पाठवलेल्या शिक्षकाच्या हातात प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा, हजेरीचा कागद आणि पुरवण्या बांधायचा दोरा असतो. कोणत्या मुलाला काय मंजूर आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते, कारण ते कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात असतात. घंटा झाल्यावर साठ मुले एकदम उठतात. अशा गलक्यात एक मुलगा एकदा माझ्यापाशी येऊन “सर, मला जास्त वेळ…” एवढेच पुटपुटला आणि मी “सगळ्यांनाच हवा असतो, दे इकडे” म्हणून त्याच्या हातातून पेपर घेतला. त्याच्याकडे प्रमाणपत्र होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. मला त्याची आजही लाज वाटते, पण खरे सांगायचे तर त्या क्षणी त्याच्या वाक्यात मला थांबवील असे काहीच नव्हते.

त्यावरून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली वेळेविषयी आहे. घंटा झाल्यानंतर मागणे म्हणजे गाडी हलल्यावर फलाटावरून हात करण्यासारखे आहे. मागायचे ते पेपर वाटण्यापूर्वी, शिक्षक टेबलाशी येऊन उभे राहतात त्या अर्ध्या मिनिटात. आणि त्याहून चांगले म्हणजे आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत, शिक्षकखोलीच्या दाराशी, जिथे वर्गातले कोणी बघत नसते. आपल्या मुलाची अडचण “सगळे बघतील” ही असेल तर तिचा निम्मा भार जागा आणि वेळ बदलल्यानेच उतरेल.

दुसरी गोष्ट वाक्याविषयी आहे आणि माझ्या मते तीच कळीची आहे. “सर, मला जास्त वेळ द्याल का?” या प्रश्नाला हो किंवा नाही अशी दोनच उत्तरे असतात आणि घाईत असलेला माणूस नाही म्हणतो. त्याऐवजी मुलाने असे म्हणून पाहावे: “सर, मला या पेपरला वीस मिनिटे वाढीव मंजूर आहेत. घंटेनंतर मी कुठे बसू?” यात उद्धटपणा कुठेही नाही, आवाज चढवण्याची गरज नाही, पण शिक्षकाला आता परवानगीचा विचार करावा लागत नाही, जागेचा करावा लागतो. “कुठे बसू” या दोन शब्दांनी जे काम होते ते आईच्या चार फेऱ्यांनी होत नाही, असा माझा अनुभव आहे.

हे मला एका विद्यार्थिनीनेच शिकवले. वर्षाच्या पहिल्या दिवशी आठवीतली एक मुलगी तासापूर्वी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, मला डाव्या कानाने कमी ऐकू येते. मी कोणत्या बाकावर बसले तर तुमचा आवाज उजव्या कानाला येईल?” मी तिला घेऊन वर्गात गेलो, स्वतः फळ्यापाशी उभा राहिलो आणि आम्ही दोघांनी मिळून बाक ठरवला. ती उलट बोलली असे माझ्या मनातही आले नाही. तिच्या वडिलांशी नंतर बोलणे झाले तेव्हा कळले, की ते तिला घरी किराणा दुकानापासूनच अशी वाक्ये बोलायला लावत असत: हवे ते काय, का, आणि दुकानदाराने आता नेमके काय करायचे.

सराव घरी करावा, पण उभ्याने. खुर्चीत बसून म्हटलेले वाक्य शिक्षकासमोर उभे राहिल्यावर बाहेर येत नाही. सुरुवातीला मुलाला शिक्षक होऊ द्यावे आणि आपण विद्यार्थी व्हावे. शिक्षकाची घाई, त्याची वैतागलेली मान, हे सगळे त्याने स्वतः वठवले म्हणजे त्यातली भीती थोडी कमी होते. मग भूमिका बदलाव्यात. वडिलांनी कधी गडबडीतले, कधी खेकसणारे, कधी “मला याची काही कल्पना नाही” म्हणणारे सर व्हावे. तिसऱ्या प्रकारच्या सरांशी बोलायचा सराव सर्वांत जास्त करावा, कारण प्रत्यक्षात तेच अधिक भेटतात.

एक मात्र करू नये. “कोणी बघत नाही रे” असे त्याला सांगू नये. मुले बघतात. त्यांच्यासाठी त्याच्याकडे एक साधे, न लाजता म्हणता येईल असे उत्तर हवे: “मला लिहायला वेळ लागतो, म्हणून मला वेळ दिला आहे.” एवढे ऐकल्यावर बहुतेक पोरांचे कुतूहल दुसऱ्या दिवशी संपते.

प्रतिसाद – निवृत्त मुख्याध्यापक

वरील शिक्षकबंधूंचे लिखाण मनापासून आवडले, तरी एक धोका नोंदवणे मला आवश्यक वाटते. शाळा आणि मूल यांच्यात बरोबरीचे नाते नसते. अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण शाळेच्या हातात असतात, हे मुलालाही माहीत असते. प्रत्येक शिक्षक त्या मुलीला घेऊन बाक शोधायला जाणारा नसतो. जे काम शाळेने न मागता करायचे, ते चौदा वर्षांच्या मुलाच्या जिभेवर सोपवणे म्हणजे शाळेला मोकळे सोडणे आहे. मागितले नाही म्हणून दिले नाही, हे उत्तर मी माझ्या नोकरीत सहकाऱ्यांकडून ऐकले आहे आणि कधीकाळी स्वतःही दिले आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की आधी पालकांनी लेखी अर्ज द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा, आणि मंजूर सवलतींची यादी परीक्षा विभागाच्या फायलीत व पर्यवेक्षकाच्या पाकिटात असावी अशी विनंती करावी. पोच घेतलेल्या अर्जाच्या भक्कम जमिनीवर उभे राहून मुलाने बोलावे. हवेत उभे राहून बोलायला लावू नये. मुलगा “येऊ नकोस” म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ आईने माझ्या वर्गात येऊन माझ्यादेखत बोलू नये असा असतो. कार्यालयात येऊन अर्ज देऊ नये, असा बहुधा नसतो.

आणखी एक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भयमुक्त ठेवणे आणि आपली मते मोकळेपणाने मांडायला त्याला मदत करणे हे अभ्यासक्रमाचेच अंग मानले आहे. तो कायदा आठवीपर्यंतचा. जी सवय आपण शाळांनी आठ वर्षांत लावायची होती, ती नववीत एका आठवड्यात घरी लागावी ही अपेक्षा जरा जास्तच आहे, हे आईने स्वतःलाही सांगावे.

ठाण्याची आई

दोघांचेही आभार. अर्जाची पोच मी आजवर एकदाही घेतलेली नाही; विश्वासावर चालले होते. एक विचारते. मुलाच्या तपासणीचा अहवाल त्याने स्वतः कधी वाचलेला नाही. त्यात बुद्ध्यांकाचे आकडे आणि “सरासरीपेक्षा कमी” अशी वाक्ये आहेत, म्हणून मी तो कपाटात वर ठेवला आहे. तो त्याला दाखवावा का?

प्रतिसाद – विशेष शिक्षिका, मुंबई

दाखवावा, पण हातात देऊन निघून जाऊ नये. शेजारी बसून वाचावा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या फायली दोन बोटे जाड असतात आणि त्यातली एक ओळही त्यांनी वाचलेली नसते. ज्या मुलाला आपल्याला नेमके काय अवघड जाते हेच ठाऊक नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? “मला एलडी (म्हणजे अध्ययन अक्षमता) आहे” हे वाक्य ऐकून कोणत्याही शिक्षकाला पुढे काय करायचे ते कळत नाही.

मी अहवालातील एकेक परिच्छेद मोठ्याने वाचते आणि मुलाला तो त्याच्या शब्दांत सांगायला लावते. सहावीतल्या एका मुलाने लेखनगतीविषयीचा अर्धे पान भरणारा परिच्छेद ऐकून म्हटले, “म्हणजे डोकं स्टेशनला पोचतं आणि हात अजून घरीच असतो.” त्याच वाक्यावर आम्ही त्याचा परिचय बांधला. अहवालातले चांगले उतारेही तितक्याच सावकाश वाचावेत. आपल्या मुलाच्या अहवालात आकृत्या, रचना किंवा तोंडी तर्क यांचे गुण बहुधा चांगले असतील. त्या परिपथावरून तरी तसे वाटते. “मला तोंडी विचारा, मी सांगतो” हे म्हणण्याचे धैर्य त्याला तिथूनच मिळेल.

आता हक्काविषयी, कारण सवलत हा शब्दच मुलांच्या मनात उपकाराची भावना रुजवतो. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकारच्या अक्षमता होत्या आणि अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ती संख्या एकवीस केली व विशिष्ट अध्ययन अक्षमतेला त्यात स्थान दिले. त्याच अधिनियमाच्या कलम १७ मध्ये परीक्षेसाठी वाढीव वेळ, लेखनिक (मुलाने सांगितलेले उत्तर लिहून देणारा) आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. नववीतल्या मुलाला कलमांचे क्रमांक पाठ असण्याची गरज नाही. परंतु हे कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून नाही, एवढे त्याला माहीत असले की त्याची मान वेगळ्या कोनात राहते. तीन तासांच्या पेपरला तासामागे वीस मिनिटे, म्हणजे एक तास, हा हिशेब त्याला स्वतःला करता यायला हवा. पेपर दोन तासांचा असेल तर चाळीस मिनिटे.

मुख्याध्यापक महोदयांच्या मुद्द्याला माझा दुजोरा आहे. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या २०२१ च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर वाढीव तास मिळाला नाही व तिची उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने तिला चुकीने वेळ नाकारला गेल्याचे मान्य केले, परीक्षा घेणाऱ्या संस्थेला तिच्या नुकसानीबाबत आठवड्याभरात विचार करण्यास सांगितले. फेरपरीक्षा मात्र दिली नाही. गेलेला तास परत आणणे न्यायालयालाही किती कठीण जाते, ते यावरून दिसते. म्हणून परवानगीच्या पत्राची प्रत पाकिटात, आणि पेपर सुरू होण्यापूर्वी पर्यवेक्षकांना ती दाखवणे, हा क्रम मी मुलांकडून कित्येकदा घोटून घेते.

लेखनिक घेणार असाल तर आणखी एका गोष्टीचा सराव लागतो. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असतो, आणि आपली मुले त्याला चूक दाखवायलाही संकोचतात. “थांब”, “परत वाचून दाखव”, “हे खोड आणि नवीन ओळीवर लिही” ही तीन वाक्ये ज्याला लेखनिकाला म्हणता येत नाहीत, तो माझ्या मते अजून तयार नाही. शिक्षकांशी बोलण्याआधी मी मुलांना हे शिकवते, कारण आपल्याहून लहान मुलासमोर जीभ लवकर सुटते.

बोर्डाचे अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातात. आपल्या बाबतीत ते वाशीला. दहावीचे वर्ग सुरू झाल्याबरोबर शाळेत विचारणा सुरू करावी, आणि ती मुलाने करावी.

प्रतिसाद – माजी विद्यार्थी, पुणे

मी २०१७ मध्ये डिस्लेक्सियासह दहावी झालो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

माझ्या आईने एक गोष्ट फार चांगली केली. परीक्षेच्या आदल्या दिवशी बैठकव्यवस्था पाहायला आम्ही केंद्रावर गेलो, तेव्हा ती मला केंद्रसंचालकांच्या खोलीपर्यंत घेऊन गेली आणि दारातच म्हणाली, “आत तू जा. मी इथे आहे.” मी आत गेलो. केंद्रसंचालक फोनवर होते आणि मी परवानगीचे पत्र छातीशी धरून उभा होतो. ते चार मिनिटे असतील, मला एक तास वाटला. फोन ठेवल्यावर त्यांनी पत्र वाचले, तळमजल्यावरची खोली दाखवली आणि शिपायाला सांगून पंखा सुरू होतो का तेही पाहून घेतले. दुसऱ्या दिवशी नेहमीची वेळ संपताच पर्यवेक्षिका आवरू लागल्या, तेव्हा मी काही बोललो नाही, फक्त पत्र बाकावर पुढे सरकवले. बोलण्याऐवजी तेवढेही चालते. आपल्या मुलाला हे जरूर सांगा.

आईने एक चूकही केली, आणि ती लेखनिकाची होती. मला लेखनिक मंजूर होता म्हणून तो घ्यायलाच हवा, असे घरात सर्वांनी गृहीत धरले. मला मात्र मोठ्याने विचार करता येत नाही. समोर कोणी पेन घेऊन थांबले की मला येत असलेले उत्तरही विसरते. दोन पूर्वपरीक्षांत गुण कमी झाल्यावर मी कसेबसे म्हणालो, की मला लेखनिक नको, फक्त वेळ हवा. घरात आठवडाभर वाद झाला. मिळालेले नाकारतो म्हणजे काय, असा सूर होता. शेवटी माझ्या वर्गशिक्षकांनीच आईला समजावले. त्यामुळे मागायला शिकवताना “हे मला नको” म्हणायलाही शिकवावे, असे मला वाटते, आणि ते पहिल्यांदा तो आपल्यालाच म्हणेल अशी तयारी ठेवावी.

अकरावीत मी प्रमाणपत्र दाखवलेच नाही. नवे महाविद्यालय, नवे मित्र, मला आता कोणी तसा ओळखू नये असे वाटत होते. वर्षभर रडतखडत गेले आणि बारावीला मी स्वतः कार्यालयात जाऊन अर्ज दिला. मधले ते वर्ष वाया गेले असे इतर म्हणतात. मला तसे वाटत नाही. कुणीही न सांगता, स्वतःच्या पायांनी कार्यालयाच्या खिडकीपर्यंत गेलो ते त्या वर्षामुळेच.

प्रतिसाद – न्यू जर्सीकर

येथील पद्धत वेगळी असली तरी आमच्या मराठी घरातली अडचण तीच होती, म्हणून थोडक्यात लिहिते. अमेरिकेत विशेष शिक्षणाच्या कायद्याने अशा प्रत्येक विद्यार्थ्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा दर वर्षी बैठकीत ठरवतात. शाळेनंतरच्या वाटचालीचे नियोजन कायद्याने उशिरात उशिरा सोळाव्या वर्षी, आमच्या राज्यात चौदाव्या वर्षी सुरू होते, आणि ज्या बैठकीत ते होते तिचे आमंत्रण विद्यार्थ्याला द्यावेच लागते. माझी मुलगी पहिल्यांदा अशा बैठकीत बसली तेव्हा टेबलाभोवती सात प्रौढ माणसे होती आणि ती माझ्याकडे बघत होती. मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलू नये, हे तिला मीच शिकवले होते. त्या दिवशी ती एक शब्दही बोलली नाही.

पुढच्या वर्षी तिच्या शिक्षिकेने युक्ती केली. बैठकीची सुरुवातच मुलीने करायची आणि तीही एकच पान वाचून: मला काय चांगले येते, काय जड जाते, गेल्या वर्षी कोणत्या मदतीचा उपयोग झाला आणि कोणत्या मदतीचा अजिबात झाला नाही. “अजिबात झाला नाही” हा भाग ऐकून शाळेतील लोकांनी वह्या काढल्या. त्यापूर्वी चार वर्षे ते माझे ऐकत होते, पण लिहून कधी घेतले नव्हते.

घाईचे कारणही सांगते. येथे मूल सज्ञान झाले की हे अधिकार पालकांकडून त्याच्याकडे जातात, आणि महाविद्यालयात आपली अडचण विद्यार्थ्याने स्वतः जाऊन कळवावी लागते. आईने फोन केला तर नम्रपणे मुलीलाच बोलायला सांगतात. तेव्हा मी बाजूला होणार हे ठरलेलेच होते. मी हळूहळू झाले की एका दिवसात, एवढेच माझ्या हातात होते.

ठाण्याची आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुसऱ्या घटक चाचण्या झाल्या, म्हणून कळवते.

अर्ज दिला आणि आवक क्रमांकासह पोच घेतली. अहवाल आम्ही तीन रविवारी मिळून वाचला. “सरासरीपेक्षा कमी” या ओळीवर तो थांबेल अशी मला धास्ती होती. तो थांबला ते “दृश्य रचना: उत्तम” या ओळीवर, आणि ती त्याने मला दोनदा वाचायला लावली. सरावात सर होण्याचे काम माझ्या सासऱ्यांनी मागून घेतले. ते इतके खेकसले, की मुलाला हसू आवरेना, पण चौथ्या दिवशी त्याने त्यांच्या डोळ्यांत बघून वाक्य पूर्ण केले तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “यात उद्धट काही नाही.”

विज्ञानाच्या पेपरच्या आदल्या दिवशी तो मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीशी गेला. सरांनी त्याला शेवटच्या बाकावर बसायला सांगितले आणि घंटेनंतर स्वतःही वही तपासत तिथेच थांबले. या वेळी आकृतीला नावे आहेत. गणिताच्या पेपरला मात्र तो बोलला नाही. त्या सरांचा वर्गात फार धाक आहे आणि “त्यांना मी पुढच्या वेळी विचारीन” एवढेच तो म्हणतो. मी अजून काही केलेले नाही, शाळेतही गेलेले नाही; ते बरोबर की चूक, हे मला ठरवता येत नाही.

पुढच्या परीक्षेसाठीचा अर्ज त्याने या वेळी स्वतः लिहिला. त्यात “वाढीव” हा शब्द तीन वेळा आला आहे आणि तीनही वेळा “ढि” ऱ्हस्व आहे. मी पेन हातात घेतले होते. मग खाली ठेवले. मुख्याध्यापकांनी अर्ज आहे तसा घेतला आणि त्यावर शिक्का मारून दिला.